चेक इंजिनचा दिवा, पी०४२० आणि एमिशन टेस्ट : माझ्या नोंदी

६ सप्टेंबर

संध्याकाळी हायवेवरून येताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. लागला तो तसाच राहिला, लुकलुकला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय कारण दोन्हीचा अर्थ वेगळा आहे. स्थिर दिवा म्हणजे सवडीने पण नक्की बघून घे, आणि लुकलुकणारा म्हणजे या घडीला इंजिन मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातंय, पाय काढ आणि गाडी बाजूला घे. आवाज, पिकअप, टेम्परेचर सगळं नेहमीसारखंच वाटलं.

गाडी १.६ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, ११ वर्षांची, मीटरवर १,६२,४०० किमी. एमिशन टेस्टची मुदत १० नोव्हेंबर. म्हणजे दोन महिने आहेत हातात.

७ सप्टेंबर

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला आणि मोबाईलवर वाचलं. एकच कोड, पी०४२०. बँक १ च्या (१ नंबर सिलिंडरच्या बाजूच्या) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली, एवढंच तो सांगतो. फ्रीझ फ्रेम बघितली, म्हणजे कोड पडला त्या क्षणाला गाडीची काय अवस्था होती ती नोंद: वेग ८२, आरपीएम २१४०, कूलंट ८८ अंश, लोड ३४ टक्के. म्हणजे इंजिन गरम, हायवेला एकसारखा वेग. कॅटची तपासणी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अशाच वेळी करतो त्यामुळे हे जुळतंय. फोटो काढून ठेवला, कारण कोड पुसला की हे सगळं पण पुसलं जातं.

कोड अजून पुसलेला नाही. घाई नको.

१० सप्टेंबर

एका गॅरेजला दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड बघितला, कॅट गेला म्हणाले, बदलून टाका. मी विचारलं, दादा आधी काही तपासून बघायचं का, तर म्हणे तपासायचं काय त्यात, कोडच सांगतोय ना. मला हे पटलं नाही आणि का पटलं नाही ते इथे नीट लिहितो.

ईसीयूला कॅटच्या आत काही दिसत नाही. त्याच्याकडे फक्त दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत, एक कॅटच्या आधी आणि एक नंतर. पुढचा सेन्सर (माझ्या गाडीत जुन्या पद्धतीचा आहे) ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत असतो कारण ईसीयू मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त), किंचित लीन (पेट्रोल कमी) असं सतत हलवत असतो. कॅटच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, अगदी मधमाशांच्या पोळ्यासारखी, तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साईडचा खरबरीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. सोबत सिरियम ऑक्साईड असतं, ते ऑक्सिजन साठवून ठेवतं, मिश्रण लीन झालं की घेतं आणि रिच झालं की सोडतं. त्यामुळे कॅट धड असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत ही वरखाली पोचतच नाही, तिथे ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेघ दिसते. साठवायची ताकद कमी झाली की मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचायला लागतो, ते बघून ईसीयू म्हणतो पी०४२०.

आता हेच चित्र पाईपला भोक असेल, सेन्सर खोटं सांगत असेल, मिश्रण बिघडलेलं असेल तरी दिसू शकतं. आणि समजा कॅट खरंच गेला असेल तरी प्रश्न उरतोच की तो गेला कशाने. कॅटमध्ये हलणारा एकही पार्ट नाही, तो सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. मिसिंगमुळे कच्चं पेट्रोल आत जाऊन जळतं, इंजिन ऑइल जाळतं आणि ऑइलमधला फॉस्फरस थरावर बसतो, हेड गॅस्केटमधून कूलंट जातं, चुकीच्या सिलिकॉन सीलंटची वाफ जाते. तो मारणारा तसाच ठेवून नवीन कॅट घातला तर नव्याचीही तीच गत होणार.

तर आधी कॅटच्या पुढचं सगळं तपासायचं, कॅट सगळ्यात शेवटी. याच क्रमाने जाणार आहे.

१३ सप्टेंबर

अर्धा तास गाडी फिरवून पूर्ण गरम केली आणि लाईव्ह डेटा लावला. पुढचा सेन्सर ठीक, ०.१ ते ०.८५, झटपट वरखाली. मागचा ०.१५ ते ०.८ मध्ये फिरतोय, पुढच्यापेक्षा थोडा संथ पण फिरतोय. सरळ रेघ अजिबात नाही.

पण माझं लक्ष फ्युएल ट्रिमवर गेलं, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला लाँग टर्म (हळूहळू मुरलेला) +१४ टक्के, त्यावर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) अजून +५. आरपीएम २५०० ला धरून ठेवलं की लाँग टर्म +४ वर येतो. साधारण ±१० च्या आत असेल तर मी काळजी करत नाही, पण आयडलिंगला एवढा प्लस म्हणजे ईसीयूला मिश्रण पातळ दिसतंय आणि तो पेट्रोल वाढवत सुटलाय. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, याचा अर्थ कुठूनतरी बाहेरची हवा आत येतेय. एकतर इनटेकला व्हॅक्यूमचं लीकेज, नाहीतर पुढच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला लीकेज. एक्झॉस्टमध्ये गॅस ठोक्या-ठोक्याने जातो, दोन ठोक्यांच्या मध्ये दाब उतरतो तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो ईसीयूला लीन म्हणून कळवतो.

इनटेकचे सगळे होज हात लावून बघितले, एक ब्रीदरचा पाईप (इंजिनमधली वाफ इनटेकला नेणारा) कडक झालाय पण फुटलेला नाही.

१४ सप्टेंबर

सकाळी गाडी एकदम थंड असताना बॉनेट उघडून स्टार्ट केली आणि कान देऊन उभा राहिलो. टिक टिक टिक, बारीक, इंजिनच्या मागच्या बाजूने. तीन-चार मिनिटांत आवाज गायब. धातू गरम होऊन फुगला की फट बुजते, म्हणून मला दिवसभर कधी ऐकूच आला नव्हता.

मग गाडी बंद करून थंड होऊ दिली, व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकायची बाजू सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून बसवली आणि भाच्याला स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी देऊन म्हटलं जोड दिसेल तिथे मार. मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा भाग) आणि पुढचा पाईप जिथे जोडतात त्या फ्लँजवर फेस आला. टॉर्च मारून बघितलं तर तिथून बाहेरच्या बाजूला काजळीचा काळा फराटा उठलाय, बोटभर लांब, कडेला राखाडी. पुढचा सेन्सर तिथून वीतभर खाली. "मामा, हे तर नुसतं बघूनच कळलं असतं," भाचा म्हणाला, आणि बरोबर आहे त्याचं, हीट शील्ड काढून बघितलं असतं तर कळलं असतं.

२० सप्टेंबर

पूर्ण शनिवार या एका जोडावर गेला. फ्लँजला तीन स्टड, आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी परत मारला. दोन नट सुटले. तिसरा थोडा फिरला, मग जड झाला, मी थांबून उलटा फिरवला, परत स्प्रे, परत सुलटा, आणि चौथ्या वेळेला स्टडच तुटला, फ्लँजच्या बरोबरीने. बाहेर काही धरायला उरलं नाही. मधोमध पंच मारून आधी ३ मिमी, मग ५, मग ७ असं ड्रिल केलं आणि उरलेलं कवच एक्स्ट्रॅक्टरने काढलं. आटे वाचले. टॅप फिरवून साफ केले, तिन्ही स्टड आणि नट नवीन टाकले.

जुनं पॅकिंग एका बाजूने जळून कागदासारखं झालं होतं. दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने साफ करून सरळ पट्टी ठेवून बघितली, वाक नाही. नवीन पॅकिंग, नट तिन्ही थोडे थोडे करत आवळले.

थंड स्टार्ट, टिक टिक नाही. साबणाचं पाणी परत मारलं, फेस नाही. आता कोड पुसला.

२१ सप्टेंबर

लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला +३. एवढं बघून फार बरं वाटलं.

२९ सप्टेंबर

पी०४२० परत, यावेळी पेंडिंगमध्ये. दिवा अजून लागलेला नाही. बऱ्याच कोडना दोन ट्रिपचा नियम असतो, पहिल्यांदा सापडलं की पेंडिंग, दुसऱ्या ट्रिपलाही सापडलं तर पक्का कोड आणि दिवा. म्हणजे उद्या-परवा लागेल.

१ ऑक्टोबर

लागला.

३ ऑक्टोबर

टेस्टच्या आधी नुसतं मोजून मिळतं का विचारलं, मिळालं. चार गॅसच्या मशीनवर, इंजिन गरम करून (सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ असेल तर बरोबर):

आयडलिंग: सीओ ०.६ टक्के, एचसी ३१०.
२५०० आरपीएम: सीओ ०.५ टक्के, एचसी २४०, लॅम्बडा १.००, ऑक्सिजन ०.६ टक्के.

कॅट असलेल्या पेट्रोल गाड्यांना बऱ्याच ठिकाणी मर्यादा अशी असते: आयडलिंगला सीओ ०.३, फास्ट आयडलला (म्हणजे २५०० च्या आसपास) ०.२, एचसी २०० पीपीएम, लॅम्बडा ०.९७ ते १.०३. म्हणजे लॅम्बडा सोडून सगळ्यात नापास.

पण या कागदावर सगळ्यात बोलका आकडा ऑक्सिजनचा आहे. लॅम्बडा बरोबर १.०० म्हणजे मिश्रण बिघडलेलं नाही, फ्लँजचं काम फुकट गेलं नाही. आणि तरी ०.५ टक्के सीओ आणि ०.६ टक्के ऑक्सिजन असे दोघं शेजारी शेजारी पाईपमधून बाहेर पडतायत. जळायला तयार असलेला गॅस आहे, जाळायला ऑक्सिजन आहे, त्या दोघांची गाठ घालून देणं हेच कॅटचं काम, आणि ते होत नाहीये. धड कॅट असता तर यातलं काहीच एवढं उरलं नसतं. मी हा कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो, कारण स्कॅनरच्या रेघांवर मला शंका होती पण इथे शंकेला जागा कमी आहे.

एचसी मात्र जास्त वाटतोय. नुसत्या कमजोर कॅटने एवढा येईल? मिसिंग शोधायचं.

४ ऑक्टोबर

मोड ६ उघडला. हा स्कॅनरमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे असं माझं मत झालंय. ईसीयू आतल्या आत ज्या चाचण्या घेतो त्यांचे खरे आकडे इथे मिळतात, कोड पडायच्या कितीतरी आधी. प्रत्येक सिलिंडरच्या मिसिंगची मोजणी, मागच्या दहा ड्राइव्ह सायकलची सरासरी:

१ नंबर ०, २ नंबर २, ३ नंबर ६१, ४ नंबर १.

पी०३०३ (३ नंबरच्या मिसिंगचा कोड) कधीच पडला नाही कारण आकडा मर्यादेच्या आत होता. पण आत होता म्हणजे नव्हता असं नाही, रोज थोडं थोडं पेट्रोल ३ नंबरमधून कॅटमध्ये जात होतं, कोण जाणे किती महिने. पावसाळ्यात सकाळी चढावर एक हलका झटका यायचा तो आठवला, मी तो क्लचचा समजत होतो.

३ नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढली तर रबरी बूट ऑइलने भिजून फुगलेला. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलंय. ते आधी सिरिंजने ओढून काढलं, प्लग सोडला की ऑइल थेट सिलिंडरमध्ये पडतं म्हणून. प्लग काढून उजेडात धरला: पांढऱ्या पोर्सेलिनवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी बारीक रेघ. ठिणगी गॅपमध्ये न पडता या रेघेवरून बाहेरच्या बाहेर बॉडीला जात होती. फडक्याने पुसली, गेली नाही, भाजली गेलीय ती. बुटाच्या आतही अगदी तिच्यासमोर तशीच रेघ.

खात्रीसाठी ३ ची कॉइल १ वर आणि १ ची ३ वर, प्लग जिथल्या तिथे. चढावर लोड देऊन आणली. दोन्हीकडे मोजणी वाढली, १ वर जास्त. म्हणजे कॉइल पण गेलीय आणि प्लग पण.

११ ऑक्टोबर

टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि चारही विहिरींचे गोल सील बदलले, ऑइल तिथूनच उतरत होतं. कोपऱ्यांना सीलंटचा ठिपका लागतो, तो ऑक्सिजन सेन्सरला चालणारा असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलाच घेतला. साध्या सिलिकॉनची वाफ ब्रीदरमधून इनटेकला जाते, जळते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरी पूड धरते. प्लग चारही नवीन, मॅन्युअलमधल्याच नंबरचे, गॅप १.१ मिमी. कॉइल एक, ३ नंबरची.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनमधली वाफ इनटेकला सोडणारा) पण काढून हलवला, खुळखुळ वाजतोय, म्हणजे मोकळा आहे. डिपस्टिकवर ऑइल गेल्या सर्व्हिसपासून जवळपास तेवढंच. ऑइल जाळत नाही. कूलंट पण कमी झालेलं नाही. हे दोन्ही संशयित इथे सोडले.

१८ ऑक्टोबर

आठवडाभर चालवली. मोड ६ मध्ये मिसिंग चौघांचं ०, ०, १, ०. आयडलिंग किती मऊ झालंय ते सीटवर बसून कळतं. गॅस परत मोजला: एचसी १३० वर आला, सीओ फास्ट आयडलला अजून ०.४. एचसी सुटला, सीओ अडकलाय.

थोडी आशा होती की मिसिंग थांबल्यावर कॅट सावरेल. वर नुसती काजळी बसली असेल तर गरम होऊन जळून जाते, पण मागच्या सेन्सरची रेघ तशीच नाचतेय.

मागच्या सेन्सरचीही परीक्षा घेतली, तो खोटा बोलत नाही ना. गरम इंजिनला एक व्हॅक्यूमचा होज काढला, सेन्सर ०.१ वर पडला. होज परत लावून एकदम रेस मारली, ०.८५ वर उडाला, लगेच. जिवंत आहे. मग पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवला: आयडलिंगला १ पीएसआय, २५०० ला ४. साधारण ३ च्या वर गेलं की अडथळा आहे असं धरतात. म्हणजे कॅट कमजोर आहे आणि वर थोडा तुंबलाय पण.

आता कॅट बदलायचं हे मी ठरवलं. १० सप्टेंबरला पण उत्तर हेच मिळालं होतं, पण तेव्हा बदलला असता तर नवीन कॅट त्याच फ्लँजखाली आणि त्याच ३ नंबरच्या मागे बसला असता.

१९ ऑक्टोबर

दोन सल्ले मिळाले. एक, टाकीत क्लीनर किंवा थिनर ओत. जाळी वितळली असेल तर ती कुठल्या थिनरने परत उभी राहात नाही, आणि थिनर पेट्रोलच्या सिस्टिममधल्या रबरांना खातो. नाही टाकणार.

दुसरा, मागच्या सेन्सरला स्पेसर लाव, सेन्सर गॅसच्या प्रवाहातून बाहेर आला की रेघ सरळ होते आणि दिवा विझतो. हे नाही करायचं आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. दिवा विझेल, पण पाईपमधून येणारा सीओ तोच राहील, नायट्रोजनचे ऑक्साईड तेच राहतील, आणि सायलेन्सरचं तोंड जमिनीलगत असतं ना, रस्त्याच्या कडेला चालणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या पोराचं नाक त्याच्या आपल्यापेक्षा कितीतरी जवळ असतं. बाकी मुद्दे बाजूला ठेवले तरी मला एवढा एक पुरे आहे.

कॅट याच इंजिनचा, मंजुरीचा नंबर बॉडीवर कोरलेला, असा मागवला. अगदी स्वस्तातले असतात त्यांच्यात मौल्यवान धातू कमी घातलेला असतो, काही महिन्यांत तोच कोड परत येतो.

२५ ऑक्टोबर

कॅट बदलला.

गाडी रात्रभर थंड झालेली. जॅकवर चढवून चारी बाजूंना स्टँड लावले, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. मागच्या सेन्सरसाठी २२ मिमीची खाच असलेली गोटी घेतली, वायर त्या खाचेतून बाहेर राहते. त्या वायरचा प्लग आधी सोडवायचा, नाहीतर सेन्सर फिरताना वायरला पीळ बसतो. थोडा गरम करून अर्धा-अर्धा आटा मागेपुढे करत काढला. मागच्या जोडाचे दोन बोल्ट कापावे लागले, गंजून गोल झाले होते.

जुना कॅट हातात घेऊन हलवला, आतून खुळखुळ. पुढच्या तोंडातून टॉर्च मारली. मला वाटलं होतं काळं दिसेल, पण कडेची जाळी अजून फिकी तपकिरी, बारीक चौकोन स्पष्ट, आणि मधोमध साधारण तिसरा हिस्सा वितळून चकचकीत झालेला, मेणबत्तीचं मेण ओघळून थिजतं तसा, चौकोन सगळे बुजलेले. मागच्या बाजूने बघितलं तर एक तुकडा सुटून आडवा पडलाय, तोच वाजत होता. ३ नंबरचं पेट्रोल इथे येऊन जळत होतं. कॅट साधारण ४०० ते ८०० अंशांत सुखाने काम करतो, पण कच्चं पेट्रोल आत पेटलं की तापमान हजाराच्या पुढे जातं, मग आधी धातूचे कण गोळा होऊन निकामी होतात आणि नंतर सिरॅमिकच वितळतं.

भाच्याला म्हटलं मास्क लाव, ही पूड नाकात जायला नको. जुना कॅट पिशवीत बांधून ठेवला, रिसायकलिंगला द्यायचा, त्यातलं प्लॅटिनम-पॅलेडियम परत काढता येतं.

नवा बसवताना बाण बघितला, गॅसच्या दिशेने. पॅकिंग दोन्हीकडे नवीन. सगळे बोल्ट आधी सैल लावले, पाईप कुठे घासत नाही ना ते बघून मग पुढून मागे आवळत गेलो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट), टोकाला लागू न देता. पहिल्या स्टार्टला पाचेक मिनिटं धुराचा वास आला, वरचं तेल आणि आतल्या बाइंडरचा, मग गेला. रेस न देता आयडलिंगलाच गरम होऊ दिला. साबणाचं पाणी, फेस नाही.

कोड पुसला.

२६ ऑक्टोबर

सगळे नट थंड असताना परत एकदा आवळले. दोन थोडे फिरले.

३० ऑक्टोबर

कोड पुसल्याने रेडिनेसचे सगळे मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही ते दाखवणारे) पण शून्यावर गेले. हे लक्षात न घेता लोक टेस्टच्या आदल्या दिवशी कोड पुसून जातात. जिथे टेस्टला स्कॅनर लावतात तिथे मॉनिटर अपुरे दिसले की गाडी परत पाठवतात, दिवा विझलेला असला तरी. बॅटरीचा टर्मिनल काढला तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं.

म्हणून रोज ठरवून चालवतोय. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट, दोन-तीन मिनिटं आयडलिंग, मग हायवेला ८०-९० च्या मध्ये एकसारखी पंधरा-वीस मिनिटं, मग ब्रेक न लावता पाय काढून वेग उतरू द्यायचा, मग थोडं शहरातलं थांबत चालत. टाकी पाव ते पाऊण यांच्या मधेच ठेवलीय, इव्हॅपचा (टाकीतल्या पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या सिस्टिमचा) मॉनिटर फार भरलेल्या किंवा फार रिकाम्या टाकीवर चालतच नाही.

ऑक्सिजन सेन्सर झाला, त्याचा हीटर झाला. कॅटॅलिस्ट आणि इव्हॅप बाकी.

१ नोव्हेंबर

कॅटॅलिस्ट पूर्ण! हायवेवरून उतरल्यावर कडेला थांबून बघितलं. पेंडिंगमध्ये काही नाही.

३ नोव्हेंबर

इव्हॅप पण झाला, थंड सकाळी. आता सगळे हिरवे.

६ नोव्हेंबर

टेस्ट. जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने वीस मिनिटं चालवत नेली. रांगेत आठ गाड्या होत्या पण इंजिन बंद केलं नाही आणि नंबर जवळ आल्यावर आरपीएम दोन हजारच्या आसपास धरून ठेवले, कॅट साधारण २५०-३०० अंशांच्या वर गेल्यावरच पेटतो, रांगेत गार झालेला कॅट मशीनवर कच्चा दिसू शकतो.

आयडलिंग: सीओ ०.०२, एचसी १४.
२५०० आरपीएम: सीओ ०.०१, एचसी ९, लॅम्बडा १.००१, ऑक्सिजन ०.०५, कार्बन डायऑक्साईड १५.१.

पास. ३ ऑक्टोबरचा कागद शेजारी ठेवून दोन्हींचा फोटो काढला. लॅम्बडा दोन्हीकडे एक आणि बाकी सगळं वेगळं.

१५ नोव्हेंबर

कॅट बसवल्यापासून ९०० किमी झाले. मागच्या सेन्सरची रेघ ०.६८ वर, हायवेला, हलतच नाही. मोड ६ मध्ये कॅटचा आकडा मर्यादेपासून लांब, मिसिंग चौघांचं ०. एक पर्मनंट कोड मेमरीत राहिला होता, तो स्कॅनरने पुसता येत नाही, ईसीयूची स्वतःची तपासणी पास झाली की तोच काढतो. आज ती यादी रिकामी आहे.

पुढच्या सर्व्हिसला विहिरीत परत ऑइल उतरलंय का ते बघायचं, आणि तो कडक झालेला ब्रीदरचा पाईप बदलायचा.